सागाची वलयं वाचताना या चुका टाळा

खोडातल्या वलयांवरून जुन्या पावसाचा माग काढायचा असेल, तर आधी झाड नीट निवडा. पुण्याच्या रस्त्यावरच्या वडात किंवा अंगणातल्या आंब्यात दरवर्षी एक स्पष्ट वलय उमटेलच असं नाही. साग मात्र कोरड्या दिवसांत पानं गाळून वाढ थांबवतो आणि पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची, म्हणजे पाणी वाहणाऱ्या नळ्यांची, रांग टाकतो. तीच नव्या वलयाची हद्द. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या वलयांवरून मान्सूनचा अभ्यास झाला, तो याच गुणामुळे.

वलयं मोजली की वर्ष सापडलं, ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. पावसाने मध्येच मोठी उघडीप दिली की वाढ अडखळते, पुन्हा झड लागली की सुरू होते, आणि एकाच वर्षात दोन वलयांचा भास होतो. फारच वाईट वर्षी खोडाच्या एखाद्या बाजूला वलय पडतच नाही. भिंगाखाली कडा बघा: खरी कड ठसठशीत असते, खोटी बहुधा दोन्हीकडे विरत जाते. तरी खात्री नसेल तर त्याच जंगलातल्या बऱ्याच झाडांशी क्रम जुळवा. 1972 च्या दुष्काळाचं म्हणून धरलेलं अरुंद वलय एका झाडात 1972 ला आणि शेजारच्या झाडात 1973 ला येत असेल, तर दुष्काळ नव्हे, तुमची मोजणी सरकलीय.

अरुंद वलय दिसलं की लगेच दुष्काळ म्हणू नका. पानं खाणारी अळी, वणवा, फांद्यांची तोड, शेजारच्या झाडाची सावली, सगळ्यांनीच वाढ खुंटते. शिवाय तरुणपणीची वलयं मुळातच रुंद असतात. वयाचा हा उतार आकडेमोडीत काढून टाकल्याशिवाय पावसाशी तुलना करू नये.

टिंबर मार्केटमधला ओंडका सरावाला ठीक. पण साल नसली तर शेवटचं वलय कुठल्या वर्षाचं ते कळत नाही, आणि लाकूड परदेशी असलं तर त्यात पाऊसही तिकडचाच.

उभ्या झाडाचा नमुना वनखात्याच्या परवानगीनेच, पोकळ गिरमिटाने, दोन बाजूंनी घ्या. त्यातून निघणारी पेन्सिलीहून बारीक कांडी लाकडी पट्टीच्या खाचेत चिकटवताना तिचे तंतू उभे राहिले पाहिजेत. आडवी चिकटली, तर 400 नंबरच्या पॉलिश पेपरने कितीही घासा, छिद्रांऐवजी नुसत्या रेघा दिसतील.