लेआऊटच्या बागेचं कुलूप कशानं निघालं (माझा अनुभव, नागपूर)

लक्षण: लेआऊटच्या मधोमध खुली जागा, भोवती कुंपण, फाटकाला कुलूप. विचारलं की एकच उत्तर, "ही सोसायटीची जागा आहे."

सह्यांचं निवेदन, ऑनलाइन तक्रार, सारं करून झालं, नुसती वणवण. नागपुरात काही बागा मनपाकडे, काही नासुप्रकडे (नागपूर सुधार प्रन्यास). ताबा कोणाचा ते कागदावर दाखवलं नाही की तक्रार फिरतच राहते.

काम झालं ते असं. आधी माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत. राज्याच्या नियमातच तसं आहे. मागायचं तीनच: मंजूर लेआऊट नकाशाची साक्षांकित प्रत, खुल्या जागेचा खसरा (जमिनीचा सर्व्हे) क्रमांक, ताबा पावती (जागेचा ताबा कोणी घेतला त्याचा कागद). 'बाग बंद का?' असं विचारू नका, अर्ज तिथंच अडतो. लेआऊट ५७२ किंवा १९०० च्या यादीतला (आधी अनधिकृत, मग नियमित करायला घेतलेला) असेल तर नियमितीकरणाचा नकाशा मागा. ३० दिवसांत उत्तर नाही? पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील, फी २० रुपये.

मग नगर भूमापनातून त्याच जागेची आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. धारकात सोसायटीचं नाव नसलं की अर्धी लढाई तिथंच संपते.

हे सगळे कागद जोडून, ताबा पावतीवर ज्यांचा शिक्का त्यांच्याच उद्यान विभागाला एकपानी अर्ज. मागणी नेमकी: कुलूप काढा, उघडण्याच्या वेळा ठरवा, किल्ली विभागाच्या माणसाकडे ठेवा. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. आणि फाटकावर वेळेचा फलक लावूनच घ्या; नाही तर महिनाभरात नवं कुलूप.