लांबच्या सफरीसाठी सुटी होणारी सायकल कशी पारखावी

सुटी होणारी सायकल, म्हणजे जिची फ्रेम सुटी करून प्रवासात पेटीत भरता येते ती, समोर आली की नजर आधी फ्रेममधल्या जोडावर जाते. हा मध्येच सुटला तर? भीती समजण्यासारखी आहे. पण चांगल्या कारागिराने बसवलेला जोड हा बहुतेक वेळा या सायकलचा सर्वांत भरवशाचा भाग असतो. लांबच्या सफरीत डोकं खातात ती चाकाची मापं, कॅरिअर आणि रिकामी पेटी. म्हणून पारखायला सुरुवातही तिथूनच करावी.

१. आधी सफर कागदावर मांडा

दोन महिन्यांच्या सफरीत सायकल किती वेळा सुटी करावी लागणार आहे, ते मोजा. जाताना एकदा आणि परतताना एकदा एवढंच असेल, तर सुटी करायला दोन तास लागले तरी काही बिघडत नाही. मधले सगळे दिवस ती कशी चालते तेच महत्त्वाचं. दर तीन-चार दिवसांनी रेल्वे किंवा बस पकडायची असेल, तर मात्र हिशेब उलटा होतो. तिथे मोठ्या चाकांच्या जोडाच्या सायकलपेक्षा लहान चाकांची, पटकन घडी होणारी सायकल बरी.

पुढचा प्रश्न पेटीचा. सफर जिथे सुरू झाली तिथेच संपणार असेल, तर पेटी मुक्कामाच्या ठिकाणी ठेवता येते. एका शहरातून निघून दुसऱ्या शहरातून परतायचं असेल, तर ती पेटी पुढे पाठवायची कशी, याचं उत्तर सायकल घेण्याआधी हवं. बाईक फ्रायडे या घडीच्या सायकली बनवणाऱ्या कंपनीच्या सायकलींना सुटकेसलाच चाकं लावून ती मागे ट्रेलरसारखी ओढायची सोय मिळते, ती याच अडचणीसाठी. दुसरा मार्ग मऊ पिशवीचा: ती गुंडाळून सामानात जाते, पण फ्रेमचं रक्षण पेटीपेक्षा कमी करते.

२. चाक आणि पेटीचं गणित

अनेक विमान कंपन्या चेक-इन सामानासाठी लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटर आणि वजन २३ किलो अशी मर्यादा ठेवतात. त्यात बसणारी नेहमीची पेटी ६६ × ६६ × २५ सेंटिमीटरची असते, आणि तिची बेरीज १५७ होते. आता चाक मोजा. टायरच्या बाजूवर ३२-६२२ असे आकडे छापलेले असतात. पहिला टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. रुंदीची दुप्पट व्यासात मिळवली की चाकाची ढोबळ उंची कळते. ३२-६२२ ची उंची ६८६ मिलिमीटर भरते, म्हणजे या पेटीत हवा काढून, बऱ्याचदा टायर उतरवूनच ते जातं. ४०-५५९ मात्र ६३९ भरतं आणि सहज बसतं.

जाड टायर लावून खराब रस्त्यांवर जाणाऱ्यांना मी म्हणूनच ५५९ चं चाक सुचवतो. ते लहान असल्यामुळे मजबूतही पडतं. मात्र निघण्याआधी वाटेत त्याचे टायर कुठे मिळतील याची चौकशी करा, कारण नव्या सायकलींवर हे माप आता कमी दिसतं. लहान चाकांत ४०६ आणि ४५१ अशी दोन मापं आहेत आणि दोघांनाही वीस इंचीच म्हणतात. सुटे टायर घेताना हा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

वजनाचंही पाहा. कॅरिअरसकट पोलादी टूरिंग सायकल चौदा किलोची असेल, तर पेटी, गुंडाळायचं साहित्य आणि पाने-हत्यारं यांना मिळून उरतात नऊ किलो. रिकामी पेटी आधी काट्यावर ठेवा. काही कंपन्या पेटीचं माप बसलं तरी आत सायकल आहे म्हणून वेगळे पैसे घेतात. ज्या कंपनीने जाणार तिचा नियम वाचून ठेवावा.

३. जोड जवळून पाहा

मोठ्या चाकांच्या सायकलींत दोन रचना जास्त दिसतात. एस अँड एस कपलिंगमध्ये वरची आणि खालची अशा दोन्ही नळ्या मध्ये तुटतात. नळीच्या दोन्ही तोंडांना निमुळते दात असतात, ते एकमेकांत बसतात, आणि वरून जाड नट फिरवून ते आवळले जातात. पिळाचा जोर दात घेतात, ओढ नट घेतो. नट उघडून दातांवर बोट फिरवा. कडा स्वच्छ हव्यात, वाळूचा कण नको, आट्यांवर ग्रीस हवं. मग जोड बंद करताना लक्ष द्या: नट हाताने शेवटपर्यंत अलगद फिरला पाहिजे. मध्येच अडला तर नळ्या सरळ रेषेत नाहीत किंवा आटे दुखावलेत. शेवटचा आवळा त्याच्या खास पान्याने द्यायचा असतो. तो पाना सफरीत जवळ हवाच, कारण पहिल्या काही दिवसांत नट पुन्हा तपासावा लागतो.

रिची ब्रेक-अवेची रचना वेगळी आहे. खालची नळी पेडलच्या धुरीजवळ छोट्या पट्टीने धरली जाते, आणि वर सीटचा दांडाच दोन भागांना जोडतो. हलकी आणि सुटसुटीत रचना आहे. पण इथे सीटचा दांडा म्हणजे फ्रेमचाच भाग झाला. तो दोन्ही भागांच्या पकडींतून पुरेसा खाली जातो ना, हे तुमच्या उंचीला सीट लावूनच बघा.

४. भार लादून चालवा

दुकानासमोर रिकाम्या सायकलवर मारलेल्या फेरीवरून काहीच कळत नाही. पुढे-मागे पॅनिअर (कॅरिअरच्या बाजूंना अडकवायच्या पिशव्या) लावून, जेवढं सामान नेणार तेवढंच वजन भरा आणि उतार असलेला मोकळा रस्ता निवडा. वेग वाढवत जा आणि हँडलवरची पकड हळूहळू सैल करा, हात मात्र सोडू नका. पुढचं चाक थरथरायला लागलं आणि थरथर वाढत गेली, तर गुडघे वरच्या नळीला चिकटवून वेग कमी करा. मग सामान पुढे-मागे हलवून पुन्हा बघा. तरीही थरथर राहिली तर ती सायकल लांबच्या सफरीला घेऊ नये, जोड कितीही देखणा असो.

चढावर उभं राहून पेडल मारताना फ्रेममधून कटकट ऐकू आली, तर लगेच जोडाला दोष देऊ नका. पेडल, सीटचा दांडा, कॅरिअरचे स्क्रू हे सगळे असाच आवाज करतात; एकेक आवळून शोधा. टाच मागच्या पॅनिअरला लागते का, तेही याच फेरीत कळेल.

५. स्वतः सुटी करा, स्वतः जोडा

विक्रेत्याने करून दाखवलेलं पुरेसं नाही. घड्याळ लावून, कॅरिअर आणि मडगार्डसकट, सगळं स्वतःच्या हाताने करा. सगळ्यात जास्त वेळ जातो तो कॅरिअर-मडगार्डमध्येच. त्यांचे स्क्रू किती, किती मापांच्या ॲलन की (षटकोनी पाने) लागतात, हे मोजा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे विसरून जोर लावू नये. सुटी करण्याआधी सीटच्या उंचीवर टेपची खूण करा.

जोडावरून जाणाऱ्या केबलींना मध्ये स्क्रूचे छोटे सांधे असतात. पुढे पेडलपाशी एकच दातेरी चकती असेल तर गिअरची एक केबल कमी. रोहलॉफच्या हबगिअरमध्ये (यात गिअर मागच्या चाकाच्या मधल्या भागात, म्हणजे हबमध्येच असतात) केबलची डबी एका अंगठा-स्क्रूने सुटते, त्यामुळे तिथे गिअर पुन्हा जुळवत बसावं लागत नाही. ब्रेक केबलवर चालणारे असावेत असं माझं ठाम मत आहे. हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकची नळी फ्रेमच्या दोन तुकड्यांमध्ये अडकून राहते. चाक काढल्यावर पॅडच्या मध्ये पुठ्ठा ठेवला नाही आणि लीव्हर दाबला गेला, तर पॅड एकमेकांना चिकटतात ते वेगळंच. डिस्क ब्रेकच्या चकत्या मात्र दोन्ही प्रकारांत चाकावरून उतरवून सपाट ठेवाव्यात, त्या पटकन वाकतात.

फोर्क आणि मागच्या फ्रेमच्या मोकळ्या टोकांमध्ये, हब बसतो त्या जागी, प्लॅस्टिकचे आधार घाला. पेटीवर दुसरं सामान पडलं की ही टोकं दबतात.

६. जुनी घेत असाल तर

जोडाभोवतीचा रंग उजेडात तिरका धरून बघा; रंगावर केसाएवढी रेघ दिसली तर तिथे फ्रेमला तडा असू शकतो, म्हणून फ्रेम बनवणाऱ्या जाणकाराला दाखवल्याशिवाय सौदा करू नका. पाना, केबलचे सांधे आणि पेटी हे सगळं सायकलबरोबर मिळतंय का ते आधीच विचारा, आणि नसेल तर त्याची किंमत धरूनच भाव ठरवा.