मंडळात ८० मिलिमीटर, पण तुमच्या वावरात किती?

मृग लागला की मोबाईलवर मंडळाच्या (महसूल मंडळ, म्हणजे काही गावांचा गट) पावसाचा आकडा बघायचा आणि तिफण जुंपायची. सोयाबीनची दुबार पेरणी बहुतेक वेळा इथेच ओढवते. तो आकडा मंडळातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राचा असतो. केंद्र नसलेल्या गावाचा आकडा ॲपवर दिसला, तर तो आजूबाजूच्या केंद्रांवरून काढलेला अंदाज.

समजा एक केंद्र तुमच्या शिवारापासून ४ किमी, तिथे ४० मिमी. दुसरं ८ किमी, तिथे १० मिमी. अंतर दुप्पट म्हणून दुसऱ्याच्या आकड्याचं वजन (महत्त्व) चौथाई, कारण ते अंतराच्या वर्गानुसार घटतं. (४० × ४ + १०) ÷ ५ = ३४ मिमी. तापमानाला हे गणित बरं लागू पडतं. मृगाच्या गडगडाटी पावसाला नाही: एका शिवारात ताली फुटतात आणि ओढ्यापलीकडे फुफाटा असतो.

म्हणून पाऊस आपल्या वावरात मोजा. आतून १६ सेंमी व्यासाचं नरसाळं पाच लिटरच्या कॅनवर घट्ट बसवा. काठ जमिनीपासून ३० सेंमी वर ठेवा, म्हणजे शिंतोडे आत जात नाहीत. झाड, गोठा यांच्या उंचीच्या किमान दुप्पट लांब ठेवा. रोज सकाळी साडेआठला औषधाच्या मोजपात्रानं पाणी मोजा. २० मिली म्हणजे १ मिमी. नरसाळं वेगळं असेल तर (व्यास सेंमीत धरून) व्यास × व्यास × ०.०७८५ इतके मिली म्हणजे १ मिमी. बादलीत पट्टी बुडवू नका. बादली वर रुंद, तळाशी अरुंद, आकडा फुगतो.

७५ ते १०० मिमी झाल्याशिवाय पेरू नका. ३० मिमीवर पेरलेलं बी फुगतं, मोड येतो आणि उघडीप पडली की मातीतच वाळतं. आठवड्याचा खंड पडला तर आधीचे ५-७ मिमीचे शिडकावे हिशेबात धरू नका; हा कृषी विद्यापीठाचा नियम नाही, पण रानात खरा ठरतो. वीतभर खणून माती मुठीत दाबा, लाडू झाला पाहिजे.

बियाण्यासोबत ‘ताण सोसणारं’ टॉनिक गळ्यात मारलं जातं. ओल नसेल तर त्यानं बी उगवत नाही. ते पैसे राखा.

- उगवण चाचणी: ओल्या गोणपाटात १०० दाणे, ७० तरी उगवावेत
- बियाणं: एकरी ३० किलो
- बीजप्रक्रिया: कार्बोक्झिन ३७.५ टक्के + थायरम ३७.५ टक्के हे बुरशीनाशक, किलोला ३ ग्रॅम, नंतर रायझोबियम हे जिवाणू खत
- खोली: ३ ते ५ सेंमी
- अंतर: दोन ओळींत ४५, दोन रोपांत ५ सेंमी

मंडळाचा आकडा ८० आणि तुमच्या वहीत ५२ असेल, तर ५२ धरा. शेजाऱ्याची तिफण चालू झाली तरी थांबा, १५ जुलैपर्यंत सोयाबीन पेरता येतं.