बोअर निवडताना: बेळगावच्या एका हौशी नेमबाजाचा अनुभव

खानापूर तालुक्यातील आमच्या गावात बंदूक ही नवलाईची वस्तू नव्हती. रानडुकरे आणि गवे भातात उतरतात म्हणून पीक संरक्षणाच्या परवान्यावरील ठासणीच्या बंदुका चार-सहा घरांत असत आणि कोणाची बंदूक भारी, याचा निकाल तिच्या आवाजावर व खांद्याला बसणाऱ्या दणक्यावर लागत असे. पुढे नोकरीनिमित्त बेळगावात राहायला आलो आणि तिशी ओलांडल्यावर पिस्तूल नेमबाजीकडे वळलो, तेव्हा हाच निकष माझ्या डोक्यात पक्का बसलेला होता. या समजुतीपायी माझी जवळजवळ दोन वर्षे आणि बरेच पैसे खर्ची पडले. या खेळात नव्याने येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा 'बोअर (म्हणजे नळीचा आतला व्यास) कोणते घ्यावे' हाच असतो, म्हणून तो अनुभव सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीला मी परदेशातील प्रॅक्टिकल शूटिंगच्या चित्रफिती पाहत असे. धावत, वळत, आडोशामागून एकापाठोपाठ एक लक्ष्ये टिपण्याचा हा खेळ असून त्याची आयपीएससी ही आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ साली अमेरिकेतील मिसूरी राज्यात स्थापन झाली. तेथे बोअरची चर्चा फार रंगते आणि तिला सबळ कारणही आहे. गोळीचे ग्रेन या छोट्या एककातील वजन आणि तिचा सेकंदाला फुटांमधील वेग यांचा गुणाकार करून त्याला हजाराने भागले की जो आकडा येतो, त्याला 'पॉवर फॅक्टर' म्हणतात. तो १२५ च्या खाली गेला तर गुणच मोजले जात नाहीत. 'स्टँडर्ड' विभागात तो १७० किंवा अधिक असेल तर नेमबाज 'मेजर' ठरतो आणि लक्ष्याच्या मधल्या भागाबाहेर लागलेल्या गोळीला त्याला जास्त गुण मिळतात: सी भागाला तीनऐवजी चार आणि डी भागाला एकाऐवजी दोन. मधल्या ए भागाला मात्र दोघांनाही पाचच गुण असतात. १२४ ग्रेनची ९ मिमीची गोळी १०५० फूट वेगाने गेली तर आकडा १३० येतो, म्हणजे १७० च्या खालचा 'मायनर'. .४० इंची, १८० ग्रेनची गोळी ९५० फुटांनी १७१ वर पोहोचते आणि .४५ ची २३० ग्रेनची जड गोळी अवघ्या ७५० फुटांनी १७२ ओलांडते. शेवटी एकूण गुणांना लागलेल्या वेळेने भागले जाते. त्यामुळे जड गोळीने मिळवलेले गुण तिच्या झटक्यामुळे वाया जाणाऱ्या वेळात परत जातात की काय, हाच तेथील वादाचा गाभा आहे. 'प्रॉडक्शन' विभागात सर्वांना मायनरचेच गुण असल्याने तेथे हा वाद जवळपास उरत नाही. लोक मुकाट्याने ९ मिमी घेतात.

हे सारे मी तोंडपाठ केले होते, पण आपल्याकडे त्याचा उपयोग किती, हे विचारायचे राहून गेले. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली लष्करी काडतुसे ज्यांत बसतात अशी पिस्तुले व रिव्हॉल्व्हर 'प्रतिबंधित बोअर' या वर्गात मोडतात. सैन्याचा दारूगोळा बाहेर पाझरू नये हा त्यामागचा हेतू असून ९ मिमी, .३८० आणि .४५५ यांची नावे त्या यादीत आहेत. त्या वर्गाचा परवाना जिल्हा पातळीवर मिळत नाही. सामान्य अर्जदाराच्या हाती प्रत्यक्षात उरतात ती .२२ आणि .३२. आता वरचे गणित .३२ ला लावून पाहा. शंभर ग्रेनची गोळी ७५० फुटांनी गेली तर आकडा ७५ येतो. मायनरचा उंबरठा ओलांडण्यासाठी तिला १२५० फुटांचा वेग हवा आणि .३२ लाँगच्या काडतुसात तेवढा दम नाही. म्हणजे ज्या खेळासाठी मी बोअर निवडत होतो, त्या खेळाच्या किमान अटीत माझे शस्त्र बसणारच नव्हते. एवढे साधे त्रैराशिक मी पिस्तूल विकत घेतल्यानंतर मांडले, याची आजही लाज वाटते.

विकत घेतले तेही चुकीचेच. शहरातील एका दुकानदाराने देशी बनावटीचे, स्वसंरक्षणासाठीचे .३२ चे छोटे पिस्तूल 'मॅचलाही चालते' असे सांगून दाखवले आणि मी आवाजावर भाळलो. स्पर्धेत .३२ चालते ती २५ मीटर सेंटर फायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी ठिणगी पडणाऱ्या) प्रकारात. तेथे ७.६२ ते ९.६५ मिमी बोअरची मुभा आहे. पण तिथली पिस्तुले वेगळ्या जातीची असतात: .३२ एस अँड डब्ल्यू लाँग वॅडकटर, म्हणजे चपट्या तोंडाच्या गोळीची, हलवता येणाऱ्या साइटची (नेम धरायच्या खुणेची), हाताच्या मापाने घडवलेल्या लाकडी मुठीची आणि हजार ग्रॅमचा जोर लागणाऱ्या ट्रिगरची. माझ्या पिस्तुलाची साइट घट्ट बसवलेली होती आणि ट्रिगर इतका जड की गोळी सुटेपर्यंत नळी खाली झुकलेली असे. शिवाय माझ्या परवान्यावर एका वेळी पन्नास काडतुसांचीच मर्यादा होती. सेंटर फायरच्या एका सामन्यात साठ गोळ्या लागतात: तीस अचूकतेच्या आणि तीस शीघ्र टप्प्याच्या. म्हणजे घरात असलेला सगळा साठा घेऊन गेलो तरी एक पूर्ण सराव सामना होत नव्हता. काडतूस महाग म्हणून महिन्यातून एकदा जायचे आणि इतक्या दिवसांनी झटका बसणार म्हणून आधीच डोळे मिटून घ्यायचे, अशी सवय लागली. ही डोळे मिटण्याची खोड मोडायला पुढे वर्षभर लागले.

मोठ्या बोअरच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र खरा आहे, म्हणून तो नीट तपासून घ्यावा. भोक रेषेला शिवले तरी वरचा गुण मिळतो, त्यामुळे जाड गोळीला किंचित फायदा असतो. .२२ ची गोळी ५.६ मिमी व्यासाची, .३२ ची सुमारे ७.९ मिमीची, म्हणजे त्रिज्येतील फरक सव्वा मिलिमीटरहूनही कमी. २५ मीटरच्या अचूकतेच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ ५० मिमीचे असते आणि पुढचे प्रत्येक कडे २५ मिमी रुंद असते. या पिस्तुलांच्या दोन साइटमधील अंतर जास्तीत जास्त २२० मिमी ठेवता येते. पुढची साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटर सरकली तर २५ मीटरवर गोळी ११ सेंटिमीटरहून अधिक भरकटते, म्हणजे चार कड्यांपेक्षा जास्त. सव्वा मिलिमीटर कमावण्यासाठी ज्याची साइट झटक्याच्या धाकाने हलते, त्याचा हिशेब कोठे जुळायचा? मुरलेल्या हाताची गोष्ट वेगळी. जसपाल राणा यांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत सेंटर फायरमध्ये ६०० पैकी ५९० गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली, तेव्हा त्यामागे लहान बोअरवर घालवलेली वर्षे होती.

मी शेवटी उलट्या दिशेने गेलो. प्रथम .१७७ म्हणजे ४.५ मिमीचे एअर पिस्तूल घेतले. या बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. ओळखपत्र आणि बिल जपून ठेवले की पुरते. दहा मीटर जागा लागते, ती टिळकवाडीतील भावाच्या गच्चीखालच्या लांबट खोलीत भिंतीला जाड लाकूड आणि लोखंडी पेटी लावून मिळाली. दहाचे वर्तुळ येथे अवघे ११.५ मिमीचे असते आणि ट्रिगर ५०० ग्रॅमचा. झटका जवळजवळ नसल्याने चूक झाली तर ती आपलीच, हे कागदावर लगेच दिसते. रोज शंभर छर्रे मारले तरी खिशाला झळ बसत नाही. आठ महिन्यांनी एका परिचित प्रशिक्षकांकडे .२२ हातात घेतले तेव्हा मी डोळे मिटत नव्हतो.

.२२ लाँग रायफल हे काडतूस माझ्या मते आपल्या भागातील नेमबाजाचे खरे घर आहे. २५ मीटर पिस्तूल, स्टँडर्ड पिस्तूल आणि रॅपिड फायर हे तिन्ही प्रकार त्यावर चालतात. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले ते याच बोअरवर. त्याचे दोषही सांगायला हवेत. दारू पेटवणारे मिश्रण काडतुसाच्या काठात असल्याने एखादे काडतूस फुसके निघते, आणि काडतूस न भरता ट्रिगर वारंवार ओढल्यास पिन चेंबरच्या (काडतूस बसण्याच्या जागेच्या) काठावर आदळून तो खराब होतो, म्हणून त्यासाठी रिकामे पुंगळे वापरावे. पावसाळ्यात आमच्याकडे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. त्या दिवसांत नळीला तेलाचा हात आणि काडतुसांच्या डब्यात सिलिका जेलची पुडी विसरू नये.

सीमाभागातील नेमबाजाला बोअरइतकाच विचार परवान्याच्या हद्दीचा करावा लागतो. आपला परवाना कर्नाटकाचा, बेळगाव शहरात पोलीस आयुक्तांकडून आणि तालुक्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणारा. पण चांगला सराव आणि सल्ला मिळतो तो शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या कोल्हापुरात. परवान्यावर 'कर्नाटक राज्य' एवढेच क्षेत्र लिहिलेले असेल तर .२२ किंवा .३२ घेऊन निपाणीच्या पुढे राज्याच्या हद्दीवरचे कोगनोळी ओलांडणे हा गुन्हा ठरतो. मला हे ठाऊक नव्हते. निवडणुकीच्या दिवसांत नाक्यावर तपासणी सुरू असताना गाडीतील वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी सहज विचारले, म्हणून कागद उघडून पाहिला आणि निपाणीतूनच परत फिरलो. अर्ज करतानाच संपूर्ण भारताचे क्षेत्र मागावे आणि कारणाच्या रकान्यात नेमबाजी, स्पर्धाप्रकार व संघटनेचे सदस्यत्व स्पष्ट लिहावे. कारण 'स्वसंरक्षण' लिहिलेल्या परवान्यावर पुढे काडतुसांची वाढीव मर्यादा मागताना प्रत्येक टेबलावर नव्याने समजावून सांगावे लागते, तेही कन्नडमध्ये. आमच्यासारख्या मराठी घरातील माणसाने अर्जाचा कन्नड मसुदा जाणकाराकडून तपासून घ्यावा. माझ्या अर्जात बोअरच्या आकड्यातील टिंब एका ठिकाणी गळले होते आणि तेवढ्यासाठी फाइल दोन महिने मागे आली.

माझे ते .३२ अजून कपाटात आहे. ते विकण्यासाठी परवानगीचा अर्ज दिला असून घेणारे शेजारच्या गावचे एक शेतकरी आहेत. त्यांना ते घरात ठेवायला हवे आहे, आणि त्या कामासाठी ते पिस्तूल मुळात बनवलेलेच आहे.