गीझर किती लिटरचा? निवडताना या चुका टाळा

‘घरात माणसं किती?’ या एका प्रश्नावर गीझर ठरवला जातो, आणि पहिली चूक तिथेच होते. चौघे जण आपापल्या सवडीने आंघोळ करत असतील तर १५ लिटरची टाकीही भागवते. तेच चौघे सात ते साडेसातमध्ये रांग लावणार असतील, तर २५ लिटरही तोकडी पडते. माणसं मोजू नका, सर्वांत गर्दीच्या अर्ध्या तासातल्या आंघोळी मोजा.

टाकीवरचा आकडा म्हणजे आंघोळीचं पाणी नव्हे. टाकीतलं ६० अंशांचं पाणी कोणी थेट अंगावर घेत नाही. नळाचं पाणी २० अंश असेल तर ४० अंशांसाठी गरम आणि गार निम्मं-निम्मं लागतं, म्हणजे १५ लिटरचे कागदावर ३० लिटर होतात. कागदावर म्हणायचं कारण, गरम पाणी बाहेर पडतं तसं टाकीत खालून गार शिरतं, त्यामुळे शेवटचे काही लिटर कोमटच येतात. नळाचं पाणी १० अंशांवर उतरलं, की त्या ३० लिटरचे २५ होतात. उन्हाळ्यात ‘पुरेसा’ वाटलेला गीझर थंडीत का दगा देतो, ते यातच आलं.

बादली की शॉवर, हेही आधी ठरवा. मिनिटाला ८ लिटर सोडणारा शॉवर ते ३० लिटर चार मिनिटांत संपवतो. आणि ३ लिटरच्या इन्स्टंट गीझरवर शॉवर चालवायचा विचार सोडून द्या. ३ किलोवॅटचा असला तरी पाणी २० अंशांनी तापवायचं तर तो मिनिटाला जेमतेम दोन लिटर देतो. सिंकसाठी मात्र तो उत्तम.

मग सरळ मोठाच घ्यावा? तेही नको. २ किलोवॅटवर २५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर जायला साधारण ३५ मिनिटं लागतात, १५ लिटरला २१. एका माणसाच्या एका बादलीसाठी रोज अख्खी टाकी तापवायची आणि उरलेलं पाणी दिवसभर निवू द्यायचं, हा शुद्ध वीजनाश आहे. जोडणी बघायलाही विसरू नका: ३ किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टवर १३ अँपिअर ओढतो, तो ६ अँपिअरच्या सॉकेटला लावायचा नाही.

जुना गीझर ‘पुरत नाही’ म्हणून मोठा आणायला निघाला असाल, तर जरा थांबा. घड्याळ लावून बघा. वरच्या हिशेबापेक्षा तापायला फारच वेळ लागत असेल, तर व्होल्टेज तपासून घ्या. २३० चे २०० झाले की कॉइलची ताकद जवळजवळ पाव हिश्शाने घटते. गीझरवरचा पाणी तापत असल्याचा दिवा लवकर विझतो आणि गरम पाणीही लवकर संपतं? थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी किती तापवायचं ते ठरवणारा भाग, कमी तापमानावर लावलेला असेल, किंवा आत क्षारांचा थर साचून टाकीची जागाच कमी झाली असेल. नवा बसवल्यापासूनच त्रास असेल, तर पाईप उलटे जोडलेत का ते आधी पाहा. ही चूक वाटते त्यापेक्षा बरीच होते. बहुतेक गीझरवर गार पाण्याच्या तोंडाला निळी खूण असते, गरमच्या तोंडाला लाल. उलटी जोडणी असेल तर गार पाणी वरच्या गरम पाण्यात मिसळतं आणि बाहेर येतं ते खालचं, गारच.