कॅलिफोर्नियात शाळेसाठी लसीतून वैद्यकीय सूट: अर्ज कसा करायचा आणि तो कुठे अडतो

कॅलिफोर्नियात 'आमचा लसींवर विश्वास नाही' हे कारण शाळाप्रवेशासाठी २०१६ पासून चालत नाही. उरली फक्त वैद्यकीय सूट. तिला ठरावीक नमुना नव्हता. डॉक्टरांचं पत्र पुरायचं, आणि काही डॉक्टर ते सढळ हाताने देऊ लागले. ही पळवाट बुजवण्यासाठी २०१९ मध्ये कायदा बदलला. १ जानेवारी २०२१ पासून नवी सूट फक्त 'केअर-एमई' (CAIR-ME) या सरकारी संकेतस्थळावरून मिळते. लेटरहेडवरचं पत्र शाळेत चालत नाही.

भारतातून आलेल्या कुटुंबांनी आधी लसीकरणाचं कार्ड नीट वाचावं. बहुतेकांना सूट नको असते, राहिलेले डोस हवे असतात. सरकारी दवाखान्यातली एमआर लस गोवर-रुबेलाची आहे, तिच्यात गालगुंड नाही. शिवाय नवव्या महिन्यातला डोस पहिल्या वाढदिवसाआधीचा म्हणून धरत नाहीत. त्यामुळे एमआरचे दोन डोस झालेल्या मुलालाही एमएमआरचे (गोवर-गालगुंड-रुबेला लसीचे) दोन डोस बाकी दिसतात. कांजिण्यांचेही दोन लागतात. या दोन्ही लसी एकाच दिवशी द्याव्यात, नाहीतर मध्ये २८ दिवस सोडावेत. कमी अंतर पडलं तर नंतरचा डोस बाद होतो. पहिला डोस झाला आणि पुढच्याची तारीख आली नसेल, तर सशर्त प्रवेश मिळतो.

खरंच वैद्यकीय कारण असेल, म्हणजे आधीच्या डोसनंतर जीवघेणी ॲलर्जी झाली असेल किंवा प्रतिकारशक्ती फार खालावली असताना जिवंत विषाणूची लस द्यायची वेळ आली असेल, तर पालकांनी केअर-एमईवर खातं उघडून अर्ज करावा. अर्ज क्रमांक मिळतो. तो घेऊन कॅलिफोर्नियाचा परवाना असलेल्या डॉक्टरकडे जावं. भारतातल्या डॉक्टरचं प्रमाणपत्र पुरावा म्हणून दाखवा, पण सूट ते देऊ शकत नाहीत. इथले डॉक्टर मुलाला तपासून त्याच क्रमांकावर माहिती भरतात, छापील प्रत देतात आणि ती शाळेत द्यायची. फॉर्म भरण्याचे पैसे डॉक्टरने घेणं कायद्याला मान्य नाही.

अर्ज डळमळतो तो कारणाच्या रकान्यात. प्रत्येक लसीसाठी वेगळं कारण हवं. एमएमआरची ॲलर्जी धनुर्वाताच्या लसीला लागू होत नाही, तरी सरसकट 'सर्व लसी' मागितल्या जातात. अंड्याची ॲलर्जी किंवा लसीनंतर आलेला साधा ताप ही एमएमआर टाळायची कारणं नव्हेत. माहिती खोटी निघाली तर शिक्षा होईल हे मान्य करून डॉक्टर सही करतो, म्हणून त्याच्यावर दबाव आणू नये. सूट देणारा मुलाचा नेहमीचा डॉक्टर नसेल तर 'नेहमीच्या डॉक्टरकडून का नाही' याचं उत्तर फॉर्मवरच द्यावं लागतं.

तात्पुरती सूट जास्तीत जास्त एक वर्षाची. कायमची म्हटलेलीही बालवाडीतून किंडरगार्टनमध्ये आणि पुढे सातवीत जाताना नव्याने घ्यावी लागते. सातवीच्या आधीची उन्हाळी सुट्टी वाया घालवू नका.

शाळेचं लसीकरण ९५ टक्क्यांखाली असेल किंवा डॉक्टरने वर्षात पाच वा अधिक मुलांना सूट दिली असेल, तर राज्याचा आरोग्य विभाग ती तपासतो. सूट रद्द झाली तर ३० दिवसांत अपील करा. निकाल लागेपर्यंत मूल शाळेत जाऊ शकतं. अपील फेटाळलं गेलं, तर ३० दिवसांच्या आत लसीकरण सुरू करावं लागतं.