नव्या बँडला भेटायला जाण्यापूर्वी

दिवाळी अंकासाठी, महाविद्यालयाच्या नियतकालिकासाठी किंवा एखाद्या स्थानिक साप्ताहिकासाठी छत्रपती संभाजीनगर, नांदेड वा लातूर येथील नव्या इंडी पॉप (मोठ्या संगीत कंपनीविना स्वतःची गाणी काढणाऱ्या) बँडची मुलाखत घ्यायची असेल, तर तयारीचा मोठा भाग ऐकण्याचा असतो आणि तो घरीच पूर्ण करावा लागतो. बँडची प्रसिद्ध झालेली सर्व गाणी इअरफोन लावून किमान दोनदा ऐकावीत. पहिल्यांदा शब्दांसाठी, आणि दुसऱ्यांदा केवळ बेस गिटार व ड्रम्सकडे कान देऊन, कारण बहुतेक मुलाखतकार गायकाशीच बोलत राहतात आणि ज्यांच्या ठेक्यावर गाणे उभे असते ते तासभर भिंतीला टेकून बसून राहतात. अशा प्रत्येक वादकासाठी त्याने गाण्यात वाजवलेल्या एखाद्या नेमक्या तुकड्याविषयीचा प्रश्न वहीत लिहून न्यावा.

गाण्यासोबत दिलेली श्रेयनामावली उतरवून घ्यावी आणि शब्द, चाल, वाद्यसंयोजन व मिक्सिंग (ध्वनिमुद्रित आवाजांचा मेळ घालणे) ही कामे नेमकी कोणी केली, हे भेटीत पुन्हा विचारावे. प्रश्न रुक्ष वाटला तरी माझ्या मते मुलाखतीतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. मित्रमंडळींच्या बँडमध्ये हे सहसा तोंडी ठरलेले असते आणि पहिले पैसे आले की त्यातूनच वाद उभे राहतात. त्यासाठी थोडा कायदा वाचून जावा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीतकाराने आणि संगीतकाराने गाण्याचे हक्क दुसऱ्याच्या नावे केले, तरी रॉयल्टीतील, म्हणजे गाण्याच्या वापरापोटी मिळणाऱ्या मोबदल्यातील, आपला समान वाटा त्यांना संगीत कंपनीला सोडून देता येत नाही. ही रॉयल्टी गोळा करणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ पासून कार्यरत आहे. बँडमधील कोणी तिचे सभासद आहे का, हे विचारल्यावर होणारी शांतताही टिपून ठेवण्याजोगी असते. पैशांचा विषय टाळू नये. स्पॉटिफाय या गाणी ऐकण्याच्या ॲपवर गाणे किमान ३० सेकंद ऐकले गेले तरच ते एकदा वाजले असे धरले जाते, आणि २०२४ पासून मागील १२ महिन्यांत किमान १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला तिथून रॉयल्टी मिळत नाही. तेव्हा खर्च कोठून भागतो, लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवून की शिकवण्या घेऊन, याचे उत्तर बँडची खरी परिस्थिती सांगते.

‘पुण्या-मुंबईला कधी जाणार?’ आणि ‘मातीचा गंध गाण्यात कसा आणता?’ हे दोन प्रश्न यादीतून सरळ खोडून टाकावेत. पैठणच्या नाथांची भारुडे, खुलताबादच्या उरुसातील कव्वाली आणि वस्त्यावस्त्यांतून गायिली जाणारी भीमगीते यांच्या सान्निध्यात वाढलेल्या मुलांनी सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) आणि गिटार का निवडली, हे विचारणे अधिक फलदायी ठरते. तसेच तालमीत ‘काय करायलास’ म्हणणारे हे गायक गाण्यात मात्र प्रमाण मराठीकडे का वळतात, हेही. त्यांच्याकडे तयार उत्तर नसेल, तर घाई करू नये.

भेटीची वेळ सत्र परीक्षा टाळून, त्यांना विचारूनच ठरवावी. तालीम पाहायची असल्यास ती सुरू होण्यापूर्वी पोहोचावे आणि मधल्या विश्रांतीपर्यंत एक शब्दही बोलू नये. एप्रिल-मेमध्ये पाण्याची बाटली जवळ असावी, कारण रेकॉर्डिंग चालू असताना पंख्याचा आवाज माइकमध्ये जातो म्हणून तो बंद ठेवतात आणि चाळिशीपार गेलेल्या पाऱ्यात बंद खोली असह्य होते. लहान खोलीतील ड्रम्ससाठी कानात घालायचे बोळे न्यावेत. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण वाद्ये थांबल्यावर शेजारच्या खोलीत करावे, आणि फोनची बॅटरी पूर्ण चार्ज केलेली असावी. उघड्यावरचा कार्यक्रम ऐकायला जाणार असाल, तर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकाला सहसा परवानगी नसते हे ध्यानात ठेवून साऊंड चेकच्या, म्हणजे कार्यक्रमापूर्वीच्या ध्वनिचाचणीच्या, वेळीच हजर राहावे; मैफल उशिरा सुरू झाली, तर कात्री बहुधा शेवटच्या, म्हणजे नव्या गाण्यांनाच लागते.

निघण्यापूर्वी प्रत्येकाचे नाव त्याच्याच हाताने देवनागरीत लिहून घ्यावे आणि नाव व छायाचित्र छापण्यास त्याची संमती आहे का, हे एकेकाला स्वतंत्रपणे विचारावे. घरी अभ्यासाचे कारण सांगून तालमीला येणारा एखादा जण त्यात असू शकतो, आणि चारचौघांत त्याला नकार देता येत नाही.